साबणाच्या पोटातील नक्षी

साबणाची लादी सुरीने कापल्यावर आत जी रंगीत नक्षी दिसते, ती कोणी वरून काढलेली नसते, कोरलेली नसते आणि छापलेलीही नसते. ती ओतलेली असते. ओतणाऱ्याला ओतताना ती दिसत नाही; साच्याच्या वरच्या अंगाला फार तर दोन-चार रेघा दिसतात. पोटात काय घडले, हे दुसऱ्या दिवशी लादी कापल्यावरच कळते. रांगोळी घालताना किंवा गोधडी शिवताना हात आणि डोळा बरोबर चालतात. येथे डोळा एक दिवस मागे राहतो. या तंत्राचे अवघडपण आणि त्याचे शैक्षणिक मोल, दोन्ही मला या एका दिवसाच्या अंतरात दिसतात. म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय निवडला आहे.

आपल्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला नववीचे विद्यार्थी थंड पद्धतीने साबण तयार करतात, हे अनेक पालकांना ठाऊक आहे. एका पालकसभेत एका वडिलांनी उभे राहून विचारले होते, ‘‘सर, दहा रुपयांत साबणाची वडी मिळते. पोरांना वसतिगृहात ठेवलं ते शिकायला. साबण कालवायला नव्हं.’’ हा प्रश्न मी हलका समजत नाही. ज्यांची हयात हाताच्या कष्टात गेली, त्यांना आपल्या मुलाच्या हातात लेखणीच दिसावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु साबण ओतणे हे नुसते हाताचे काम आहे काय, हे तपासल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. ते तपासण्यासाठी साबण होतो कसा, येथून सुरुवात करावी लागते.

तेल आणि तीव्र अल्क एकत्र आले की तेलाचे रेणू फुटतात, त्यांतील वसाम्ले अल्काशी जोडली जाऊन साबण तयार होतो आणि ग्लिसरीन मोकळे होते. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. वडीच्या साबणासाठी वापरायचे अल्क म्हणजे कॉस्टिक सोडा. प्रत्येक तेलाची कॉस्टिकची गरज वेगळी असते. एक ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, पाम तेलाला ०.१४२, तांदळाच्या कोंड्याच्या तेलाला ०.१३३ आणि एरंडेल तेलाला ०.१२८ ग्रॅम कॉस्टिक लागतो. आमच्या वर्गाचा नेहमीचा घाणा एक किलो तेलाचा असतो : खोबरेल २५० ग्रॅम, पाम २५०, कोंड्याचे तेल ४५० आणि एरंडेल ५०. गुणाकार करून बेरीज केली तर १४७.५ ग्रॅम कॉस्टिक येतो. एवढा सगळा घालायचा नसतो. त्यातून पाच टक्के वजा करून १४० ग्रॅमच घ्यायचा, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते आणि अंगाला लागेल असा मोकळा क्षार उरत नाही. हा हिशेब कॉस्टिक शुद्ध आहे असे धरून केलेला आहे. डब्यावरील शुद्धतेचा आकडा पाहून तो सुधारावा लागतो. तेल बदलले की हिशेब बदलतो. खोबरेल महाग झाले म्हणून त्याजागी तेवढेच शेंगदाण्याचे तेल घातले, असे स्वयंपाकात चालते, येथे चालत नाही. विद्यार्थी हा गुणाकार दोन जणांच्या जोडीने स्वतंत्रपणे करतात आणि दोघांचे उत्तर जुळल्याशिवाय तराजूला हात लावीत नाहीत.

कॉस्टिकचे पाणी मात्र शिक्षकच तयार करतो. ज्या माजी विद्यार्थ्यांना हे घरी करून पाहायचे असेल त्यांनी पुढील गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. डोळ्यांवर बंद चष्मा, हातांत रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि खोली हवेशीर. नेहमी पाण्यात कॉस्टिक घालावा, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास उकळी फुटून द्रव अंगावर उडतो. १४० ग्रॅम कॉस्टिकला आम्ही ३२० ग्रॅम पाणी घेतो. विरघळताना हे पाणी इतके तापते की भांडे उघड्या हाताने धरवत नाही. भांडे स्टीलचे किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचे असावे. जर्मनचे पातेले अजिबात नको. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. थेंब अंगावर पडलाच तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे. लिंबू किंवा व्हिनेगर चोळत बसू नये. ओतताना हातात असलेला कच्चा साबणही दाहकच असतो, म्हणून चष्मा आणि मोजे शेवटपर्यंत उतरवायचे नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. कोमट तेलात गार होत आलेले कॉस्टिकचे पाणी ओतून ढवळू लागले की मिश्रण आधी फाटल्यासारखे दिसते. मग ते एकजीव होते आणि हळूहळू दाट होत जाते. या दाटपणाच्या पायरीला साबण करणारे सगळे ‘ट्रेस’ म्हणतात. ढवळणीवरून गळणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ उमटवते आणि ती रेघ लगेच बुडत नाही, तेव्हा ट्रेस आला असे समजतात. मराठी घरांना ही कल्पना परकी नाही. पाकाची तार पाहणाऱ्या बाईला एकतारी आणि दोनतारी यांतला फरक घड्याळ दाखवीत नाही, बोटे दाखवतात. आमच्या वर्गात मुलींनीच या पायऱ्यांना नावे दिली आणि ती आता नोंदवहीत रूढ झाली आहेत : पातळ कढी, धिरड्याचे पीठ आणि श्रीखंड. साधा, एकरंगी साबण कोणत्याही पायरीवर साच्यात घालता येतो. नक्षीचा साबण मात्र कढी आणि धिरडे यांच्यामधल्या पट्टीतच ओतावा लागतो. ही पट्टी फार अरुंद असते. कधी दहा मिनिटे मिळतात, कधी दोनसुद्धा मिळत नाहीत. तेवढ्या वेळात मिश्रण वाटून घ्यायचे, रंग मिसळायचे आणि ओतायचे असते.

ही पट्टी रुंद करता येते काय? येते, आणि येथे कारणे समजली पाहिजेत. पाम तेलासारखी घट्ट तेले मिश्रण लवकर दाटवतात. कोंड्याचे, सूर्यफुलाचे किंवा ऑलिव्हचे तेल अधिक सवड देते. म्हणून आमच्या घाण्यात कोंड्याचे तेल सर्वांत जास्त आहे. पाणी थोडे जास्त ठेवले तर वेग मंदावतो. विजेची ढवळणी तीन-चार सेकंदांच्या झटक्यांनीच चालवायची आणि तेलाचे तवंग नाहीसे झाले की बंद करून ठेवायची. पुढचे काम लाकडी पळीने. सुगंधाचा परिणाम तर जादूसारखा वाटतो. लवंगेच्या तेलातील यूजेनॉलमुळे पातळ कढी पाहता पाहता दगडासारखी घट्ट होऊ शकते. नक्षीच्या घाण्यात लवंग आणि दालचिनी आम्ही घेत नाही. तापमान वाढले की क्रिया वेगाने होते. तेल आणि कॉस्टिकचे पाणी दोन्ही ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आल्यावर एकत्र करावीत. याहून फार गार झाले तर एक वेगळीच फसवणूक होते. पाम तेल थिजू लागते आणि मिश्रण दाट दिसते, पण तो साबणाचा दाटपणा नसतो. हा खोटा ट्रेस. त्यावर विश्वास ठेवून ओतलेल्या घाण्यातील तेल आणि क्षार पुढे साच्यात वेगळे होऊ शकतात. दाट दिसणे आणि दाट होणे यांतला हा फरक ओळखायला भांड्याला बाहेरून हात लावून पाहणे आणि तापमापी वापरणे, दोन्ही लागतात.

उन्हाळ्याचा विषय निघाला आहे तर इतिहासातील एक नोंद सांगितली पाहिजे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेय हे शहर साबणासाठी कित्येक शतके प्रसिद्ध आहे. चौदाव्या लुईच्या राजवटीत १६८८ मध्ये तेथील साबणकारखान्यांसाठी एक राजाज्ञा निघाली. साबणात ऑलिव्ह तेलाशिवाय दुसरे कोणतेही तेल अथवा चरबी वापरू नये, असे तिच्यात होतेच. शिवाय जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत कारखाने बंद ठेवावेत, असेही होते. उष्णतेत साबणाची प्रत बिघडते, हे त्या काळच्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक होते. का बिघडते, हे सांगणारे रसायनशास्त्र अजून जन्माला यायचे होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतच पारा चाळिशी ओलांडतो आणि तेल न तापवताच तापलेले असते. म्हणून आमचे नक्षीचे घाणे दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात.

कारण शोधणारा माणूस पुढे निघाला तो मिशेल-यूजीन शेव्हरल. १७८६ ते १८८९ असे एकशेदोन वर्षांचे आयुष्य त्याला लाभले. १८२३ मध्ये त्याने प्राणिज चरबीवरील आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि तेल-चरबी म्हणजे वसाम्ले आणि ग्लिसरीन यांची जोडणी आहे, हे दाखवून दिले. ग्लिसरीन हे नावही त्याचेच. त्यापूर्वी साबण म्हणजे तेल आणि क्षार यांचा कसाबसा झालेला मिलाफ, एवढीच समजूत होती. कुठले तेल किती क्षार मागेल हे जुन्या कारागिराच्या अंदाजावर आणि बापाने मुलाला सांगितलेल्या गुपितावर चालत असे. आज नववीतील मुलगी वहीवर गुणाकार करून जे उत्तर काढते, ते त्या काळी घराण्याबाहेरच्या माणसाला सहज मिळणारे नव्हते. गुपित सूत्रात उतरले की त्याच्यावरची मालकी संपते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात साबणापेक्षा मोठी गोष्ट दिसते. पण विषय साबणाचा आहे, तेव्हा पुढे जाऊ.

ओतण्याचे दोन पाठ आम्ही शिकवतो. पहिला पाठ पट्ट्यांचा. दोन रंग दोन तोटीच्या मगांत घ्यायचे आणि लांबट साच्याच्या मधोमध, एकाच ओळीवर, आधी एक आणि मग दुसरा असे आलटून पालटून ओतत जायचे. नंतरची धार आधीच्या रंगाला खाली आणि दोन्ही बाजूंना ढकलते. कापल्यावर आत एकात एक बसलेल्या कमानी दिसतात. मुले त्यांना वाघाचे पट्टे म्हणतात. येथे उंची कमी, धार बारीक आणि हात एका ओळीतून न हलणारा, एवढे साधले की काम होते. मिश्रण दोन्ही मगांत सारखे पातळ असणे हीच खरी अट. एक मग कढीचा आणि दुसरा धिरड्याचा झाला तर कमानी एका बाजूला कलंडतात.

दुसरा पाठ थेंबनक्षीचा, आणि तोच खरा कठीण. साच्यात आधी पांढरट मूळ मिश्रण साधारण दोन तृतीयांश भरायचे. उरलेल्यात रंग मिसळून ते तीन मगांत वाटायचे आणि वरून, वेगवेगळ्या उंचींवरून, त्या पांढऱ्यात धार सोडायची. धार पांढऱ्यात शिरते, तिचा जोर संपतो तेथे थांबते, आणि थांबताना कडेने वळते. आडवे कापले की आत झाडाच्या पानासारखे, लोंबत्या थेंबासारखे, कधी मोरपिसाच्या डोळ्यासारखे आकार दिसतात. दोन्ही मिश्रणांची घनता जवळजवळ सारखीच असल्याने रंग आपल्या वजनाने बुडत नाही; तो उंचीच्या जोराने बुडतो. जितकी उंची अधिक तितका रंग खोल. म्हणून पहिला रंग हातभर उंचीवरून सोडायचा, तो तळापर्यंत जातो. दुसरा वीतभर उंचीवरून, तो मध्यावर थांबतो. तिसरा चार बोटांवरून, तो वरच्या थरात राहतो. क्रम उलटा केला तर शेवटची उंच धार आधीची सगळी नक्षी फोडून खाली जाते.

साच्यातील पांढरे रंगांपेक्षा किंचित दाट असावे लागते. किंचित म्हणजे किती, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि त्याचे आकड्यातले उत्तर माझ्यापाशी नाही. पांढरे फार पातळ असेल तर रंग त्यात मिसळून जातो. फार दाट असेल तर रंग वरच तरंगत बसतो, जणू श्रीखंडावर केशराचे दूध ओतले. शिवाय पांढरे आपल्यासाठी थांबून राहत नाही. तिसरा मग उचलेपर्यंत ते पहिल्या मगाच्या वेळेपेक्षा दाट झालेले असते. म्हणजे जी स्थिती आता डोळ्यांपुढे आहे तिच्यावर नव्हे, दोन मिनिटांनी जी येणार आहे तिच्यावर नजर ठेवून हात चालवावा लागतो. मी साबण ज्या बाईंकडून शिकलो त्या एका बचत गटात काम करीत, पाचवीपर्यंत शिकलेल्या. त्या पळी उचलून धार पाहात आणि ‘‘अजून एक दम’’ म्हणून थांबत. तो दम किती सेकंदांचा, हे मी घड्याळ लावून मोजून पाहिले. दर वेळी वेगळा भरला, आणि दर वेळी बरोबर ठरला. कारण त्या सेकंद मोजतच नव्हत्या. धारेची जाडी, पळीवरचा भार आणि भांड्याची ऊब, ही तीन मापे एकदम घेत होत्या.

रंगांविषयी दोन गोष्टी. घरातील रंगीत वस्तू साबणात घालाव्यात असे मुलांना वाटते. जास्वंद आणि बीट हे दोन्ही पहिल्या तासाला हटकून सुचवले जातात. दोन्ही कॉस्टिकमध्ये टिकत नाहीत, मातकट तपकिरी होऊन जातात. हळदीचे वागणे अधिक मजेचे. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. कच्च्या साबणात टाकलेली हळद तशीच लालभडक होते आणि मग क्षार जिरत जाईल तशी केशरी-सोनेरी होत जाते. पुढे उजेडात ठेवली तर फिकटते. टिकाऊ रंग हवा तर लोणारी कोळशाची नव्हे, सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाची कोळशाची पूड, लाल-तपकिरीसाठी त्याच दर्जाचा आयर्न ऑक्साइड आणि निळ्यासाठी अल्ट्रामरीन घ्यावे. बाजारातला गेरू भिंतीला ठीक आहे. अंगाच्या साबणात नको, त्यात काय काय मिसळलेले आहे याची खात्री नसते. कोणतीही पूड चमचाभर तेलात आधी खलून घ्यावी, नाहीतर गुठळ्यांचे ठिपके राहतात.

दुसरी गोष्ट शेजाराची. वर ज्या शेव्हरलचे नाव आले तोच पुढे पॅरिसच्या गोबलँ या राजकीय विणकामशाळेत रंगविभागाचा प्रमुख झाला. तेथे तक्रार आली की काळ्या सुताचा रंग पुरेसा गडद दिसत नाही. त्याने सूत तपासले. रंगात काही खोट नव्हती. खोट शेजारच्या सुतात होती. एक रंग दुसऱ्याच्या कडेला बसला की दोघेही बदललेले दिसतात, हे त्याने अभ्यासून १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. साबणाचे रहस्य आणि रंगांच्या शेजाराचे रहस्य एकाच माणसाने उलगडावे, हा योगायोग मला नेहमी आनंद देतो. आमच्या लाद्यांत याचा पडताळा येतो. कोळशाची फिकी राखाडी धार हळदीच्या केशरी धारेला लागून गेली की ती निळसर भासते. ‘‘सर, आपण निळा घातलाच नव्हता,’’ असे सांगत मुले कापलेली वडी घेऊन येतात. मग मी त्यांना मधला केशरी भाग कागदाने झाकायला सांगतो.

ओतून झाल्यावर साचा झाकून चोवीस तास ठेवायचा. आत साबणीकरणाची उष्णता वाढते. ती मध्यभागी वाढली आणि कडेला वाढली नाही, तर कापलेल्या वडीत मधोमध गडद वर्तुळ दिसते. नक्षी चांगली असूनही ते वर्तुळ डोळ्याला टोचते. साचा गोधडीत गुंडाळून सगळीकडे ऊब सारखी ठेवावी, किंवा उलट तो गार जागी उघडा ठेवून ऊब वाढूच देऊ नये. दोन्हींपैकी एकच मार्ग धरावा.

मग येतो कापण्याचा दिवस, आणि खरे शिक्षण त्या दिवशी होते. माझा विषय इतिहास आहे. घटना घडून गेल्यावर उरलेल्या खुणांवरून ती कशी घडली असेल हे ताडणे, हे इतिहासाचे काम. कापलेली वडी हा तसाच पुरावा आहे, आणि मी मुलांना तो तसाच वाचायला लावतो. सगळा रंग वरच्या बोटभर थरात साचला असेल तर पांढरे उशिरा ओतले किंवा उंची कमी पडली. रंग तळाशी थारोळ्यासारखा असेल तर पांढरे पातळ होते. कडा विरघळून सगळे धुरकट झाले असेल तर दोन्ही मिश्रणे पातळ होती. नक्षीत पोकळ छिद्रे असतील तर मिश्रण श्रीखंडावर गेले होते आणि हवा कोंडली. डावीकडच्या वड्यांत नक्षी मोकळी आणि उजवीकडे गच्च असेल, तर ओतणारा डावीकडून उजवीकडे गेला आणि मध्ये कुठेतरी थांबला. शेवटचे अनुमान आठवीतून नुकत्याच नववीत आलेल्या एका मुलीने केले होते. ओतताना ती हजर नव्हती. नोंदवही उघडली, तेव्हा ‘दुसऱ्या मगानंतर चष्मा घसरला, थांबलो’ असे वाक्य सापडले. पुरावा आणि नोंद जुळली. ज्या वडिलांनी सभेत प्रश्न विचारला होता, त्यांना मी पुढच्या भेटीत ती वडी आणि ती वही, दोन्ही दाखवली. ते बराच वेळ वडी उलटसुलट करून पाहात राहिले, आणि मग वहीतील अक्षर कुणाचे, असे त्यांनी विचारले.

परंतु पुरावा कशाचा आहे आणि कशाचा नाही, हेही पाहावे लागते. येथे पुन्हा मार्सेयचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे पांढऱ्या साबणाबरोबर एक शिरांचा, संगमरवरासारखा दिसणारा साबण होत असे. त्या शिरा ओतून घातलेल्या नव्हत्या. कच्च्या सोड्यातील गंधकयुक्त अशुद्ध द्रव्ये आणि मुद्दाम घातलेले लोहाचे लवण यांच्यामुळे साबण गार होताना निळसर-हिरव्या शिरा आपोआप पडत. हवा लागून वडीची बाहेरची बाजू तांबूस होई. त्या पडण्यासाठी साबणात पाण्याचे प्रमाण ठराविकच असावे लागे, साधारण एक तृतीयांशाच्या आत. लबाडीने जास्त पाणी कोंबले तर मिश्रण पातळ राहून रंगीत कण खाली बसत, शिरा पडतच नसत. पांढऱ्या साबणात मात्र कितीही पाणी लपवता येई. त्यामुळे गिऱ्हाईक शिरांचा साबण मागे. शिरा म्हणजे वजनात फसवणूक नसल्याची खूण. हा व्यवहार बराच काळ टिकला. पुढे एकोणिसाव्या शतकात खोबरेल तेल वापरात आले. खोबरेलाचा साबण भरपूर पाणी धरूनही घट्ट राहतो. त्यात सिलिकेट आणि अल्ट्रामरीनसारखे रंग घालून अस्सल शिरांसारख्या शिरा काढता येऊ लागल्या, आणि आतील पाणी कितीही असो, वडी प्रामाणिक दिसू लागली. खूण तशीच राहिली, पण तिची साक्ष संपली.

आपल्या ओतीव नक्षीची साक्षही अशीच मर्यादित आहे. ती हाताबद्दल आणि वेळेबद्दल बोलते. साबण अंगाला लावण्यायोग्य आहे की नाही, याबद्दल एक अक्षर बोलत नाही. कॉस्टिकचा हिशेब चुकलेल्या घाण्यातही सुंदर मोरपीस उमटू शकते. म्हणून नक्षीचे कौतुक करण्यापूर्वी वडी तपासायची असते. पोटात पांढऱ्या, ठिसूळ गुठळ्या किंवा पाझरणारे थेंब दिसले तर तो घाणा वापरायचा नाही, नक्षी कितीही चांगली असो. फेसाला सामू-कागद लावून पाहावा. चांगला साबणही अल्कधर्मीच असतो आणि नऊ ते दहाच्या आसपास दाखवतो, त्याहून फार वर गेला तर शंका घ्यावी. काही जुने साबणकार वडीला जीभ लावून पाहतात. शाळेत आम्ही ते होऊ देत नाही.

कापलेल्या वड्या बांबूच्या ताटीवर, एकमेकींना न चिकटता, चार ते सहा आठवडे वाळतात. साबणीकरण एक-दोन दिवसांत बहुतेक पुरे झालेले असते. हा काळ पाणी उडून वडी कठीण आणि सौम्य होण्यासाठी असतो. न वाळलेली वडी न्हाणीत आठवड्यात विरघळून जाते. दर आठवड्याला एका वडीचे वजन करून नोंद ठेवली तर घट कमी कमी होत गेलेली दिसते, आणि ती जवळजवळ थांबली की वडी तयार. विक्रीचा विचार करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आणि बचत गटांतील भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे की अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे आणि तो विकण्यासाठी तयार करायचा तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार परवाना लागतो. शाळेतील वड्या आम्ही विकत नाही. त्या वसतिगृहातच वापरल्या जातात, आणि कापताना निघालेले टोकांचे तुकडे जेवणघराबाहेरच्या नळांपाशी ठेवलेले असतात.

नोंदवह्या मात्र जपून ठेवल्या आहेत. प्रत्येक घाण्याची तारीख, खोलीचे तापमान, तेलांची वजने, ट्रेसला लागलेली मिनिटे, ओतण्याचा क्रम आणि कापल्यावर काय दिसले, एवढे सगळे त्यांत विद्यार्थ्यांच्या अक्षरात आहे. त्या ग्रंथालयाच्या कपाटात खालच्या खणात असतात. आपल्या वर्षाची वही पाहायची असेल तर ग्रंथपालांकडून मागून घ्यावी, आणि ज्यांनी नंतर घरी घाणे केले असतील त्यांनी मागच्या कोऱ्या पानांवर आपल्या नोंदी लिहाव्यात. विशेषतः उन्हाळ्यातल्या, कारण त्या आमच्याकडे नाहीत.